तंबाखूचा पैसा तंबाखू सोडवण्यासाठीच हवा

मा. संपादक,

अमेरिकेत १९९८ मध्ये ४६ राज्यांनी सिगारेट कंपन्यांकडून भरपाई मान्य करून घेतली; पहिल्या २५ वर्षांत २०० अब्ज डॉलरहून अधिक. पण ती आरोग्यावरच खर्चण्याची अट नव्हती. बऱ्याच राज्यांनी अंदाजपत्रकातली तूट भरली, काहींनी तर पुढचे हप्तेही रोखे काढून विकून टाकले.

आपल्याकडे सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला २०० रुपयांपर्यंत दंड आहे. सांगलीत त्याचा हिशेब वेगळा ठेवून तो व्यसनमुक्तीसाठीच राखावा. मात्र नुसते निकोटीन गम (तंबाखूची तलफ कमी करणाऱ्या, चघळायच्या औषधी गोळ्या) वाटू नयेत. च्युइंगमसारखा सलग चघळला की उचकी, मळमळ सुरू होते आणि माणूस पुन्हा मिसरीकडे वळतो. हळू चावून, झिणझिण्या आल्या की गालात धरायचा, हे समोर बसवून शिकवावं लागतं. ते शिकवणाऱ्या माणसाचा पगार दंडातून द्या.

– एक आरोग्य कार्यकर्ता, सांगली