सुभेदार काका, हे वाचून होईपर्यंत चहा टाकायला उठू नका

ती. सुभेदार काका,
सा. नमस्कार.

तुमच्यासमोर बसून आभार मानता येत नाहीत. विषय काढला की तुम्ही "चहा टाकतो" म्हणून आत जाता, आणि कप घेऊन बाहेर येता तेव्हा गच्चीवरच्या टाकीचा व्हॉल्व्ह कसा गळतोय यावर बोलायला लागता. म्हणून हे चारचौघांत लिहितेय. दुसरंही एक कारण आहे. जैसलमेरच्या वाळवंटात गाडी बंद पडून अडकले होते, तिथून परत आल्यापासून जो भेटतो तो विचारतो, "तुझ्याकडे सॅटेलाइट फोन होता का?" नव्हता. आपल्या देशात तो परवानगीशिवाय बाळगताच येत नाही, आणि सीमेवरच्या जिल्ह्यात तसा सापडला तर वाळवंटाऐवजी पोलीस ठाण्यात रात्र काढायची वेळ येईल. "मग वाचलीस कशी?" तुमच्या वहीतल्या एका पानामुळे, असं सांगितलं की लोकांना वाटतं मी थट्टा करतेय.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं मागचं सांगते. काका तळमजल्यावर राहतात, मी आणि आई दुसऱ्या मजल्यावर. काका मूळचे साताऱ्याकडचे, फौजेत ईएमईमध्ये गाड्या दुरुस्त करण्यात सगळी नोकरी गेली. त्यातली बरीच वर्षं जैसलमेर-बाडमेरच्या वाळूत आणि शेवटची खडकीच्या वर्कशॉपात. सोसायटीतल्या निम्म्या स्कूटर त्यांच्या हाताखालून गेल्या आहेत. मी पाणलोटाच्या कामात आहे. जैसलमेरकडे मी गेले ती खडीन, म्हणजे पावसाचं पाणी अडवून केलेली तिथली जुनी शेतं, बघायला. तिथे वर्षाला जेमतेम दीडशे-दोनशे मिलीमीटर पाऊस पडतो, पुण्याच्या पाव हिश्श्याइतका. तरीही पालीवाल ब्राह्मणांनी पंधराव्या शतकापासून तिथे गहू-हरभरा पिकवला. खडकाळ उताराच्या पायथ्याशी मातीचा लांबलचक बांध घालायचा, वरून वाहून येणारं पाणी अडवून जिरवायचं, आणि पाणी ओसरलं की नुसत्या त्या ओलीवर रब्बी घ्यायची. विहीर नाही, मोट नाही. पुरंदर-बारामतीच्या जिरायत पट्ट्यात यातलं काय उपयोगी पडेल, हा माझा किडा.

निघायच्या आदल्या संध्याकाळी मी तुमच्याकडे माझ्या जीपचे टायर दाखवायला आले आणि दोन तास अडकले. टायर तुम्ही पाच मिनिटांत बघितलेत. उरलेला वेळ तुम्ही मलाच कसत होतात. वही उघडलीत, पेन्सिलीने रकाने आखलेत आणि म्हणालात, "रोज सकाळी निघताना मला मेसेज. कुठनं कुठं, कुठल्या वाटेनं, माघारी किती वाजता. वाट बदलायची झाली तर आधी कळवायचं. कळवता येत नसंल तर बदलायची न्हाई." मग गाडीचा नंबर, रंग, हुडाचा रंग. राहणार तिथल्या मालकाचा फोन. जैसलमेर पोलिसांच्या कंट्रोल रूमचा एसटीडी कोडसकट नंबर. मी म्हटलं, "काका, 112 आहे की." तुम्ही चष्म्यावरून बघितलंत. "तुझ्यासाठी हाय. मी हितनं 112 लावला तर फोन महाराष्ट्राच्या कंट्रोलला लागणार. त्यांनी मग तिकडं कळवायचं. तेवढा येळ कुणाला हाय?" हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं, आणि मी वर्षाचे चार महिने गावोगाव फिरणारी बाई आहे.

त्यानंतर तुम्ही जे केलंत त्यावर मी चक्क हसले होते. पार्किंगमध्ये येऊन तुम्ही चारही टायरांच्या नक्षीचे फोटो काढलेत. मागचा डावा टायर वेगळ्या कंपनीचा, त्याची नक्षी तिरकी, त्याचा जवळून. मग मला म्हणालात, "बूट काढ." बुटांच्या तळव्यांचाही फोटो. वॉचमन बघत होता. काकू दारातून ओरडल्या, "अहो, जाऊ द्या तिला, जेवायची असेल ती!"

आता त्या दिवसाचं. मार्च संपत आला होता, दुपारी चाळिसाच्या घरात ऊन. खुरीच्या बाजूला, डांबरी रस्ता सोडून बऱ्याच आत एक जुनं खडीन आहे, ते बघून परत निघाले होते. सकाळी तुम्हाला मेसेज गेलेला: सातपर्यंत परत, फार तर आठ. तीनच्या सुमाराला जीप दोनदा आचके देऊन बंद पडली. आवाज नाही, धूर नाही, काटा जागच्या जागी. तुम्ही शिकवलेलं पहिलं काम केलं: चावी पहिल्या खटक्यापर्यंत फिरवली आणि कान दिला. मागून, टाकीकडून, दोन सेकंद जी 'घूं' ऐकू यायला हवी ती नव्हती. पुण्यात हा आवाज रिक्षा-बसच्या गोंगाटात नीट ऐकूही येत नाही. तिथे इतकी शांतता होती की रिलेची 'टिक्' स्पष्ट ऐकू आली आणि त्यानंतर काहीच नाही. म्हणजे बिघाड टाकीतल्या इंधनाच्या पंपात. फ्यूज बघितला, शाबूत. हॉर्नचा रिले काढून पंपाच्या जागी लावला, फरक नाही. मग गाडीखाली शिरून टाकीच्या बुडाला पान्याच्या दांड्याने ठोकलं, चावी लावली, आणि पंप बोलला! मला त्या क्षणी तुमची आरती ओवाळावीशी वाटली. दीडेक किलोमीटर गेले असेन. पुन्हा तेच आचके. यावेळी कितीही ठोकलं तरी उठला नाही.

फोनला रेंज नव्हती. डांबरी रस्ता आठ-नऊ किलोमीटरवर होता. सिंहगडावर चालत चढणारी मी, नऊ किलोमीटर म्हणजे काय, दोन तासांचं काम, असं डोक्यात यायला लागलं. पाण्याची बाटली खांद्याला लावून उभीही राहिले. वाळूतलं खरं संकट मला तेव्हा कळलं. माणूस घाबरतो म्हणून चालायला लागत नाही, त्याला जमेल असं वाटतं म्हणून लागतो. चालताना तासाला लिटरभर घाम सहज जातो, बाटलीत एकच लिटर असतं, आणि उघड्या माळावर माणूस लांबून ठिपक्याएवढाही दिसत नाही, गाडी दिसते. हे सगळं मला माहीत होतं. पण मला अडवलं ते या ज्ञानाने नाही. मला तुमचा रकाना आठवला. माझी वाट त्यात लिहिलेली होती. मी गाडी सोडून निघाले असते तर त्या पानावर नसलेल्या ठिकाणी गेले असते, आणि तुम्ही शोधत बसला असतात जिथे मी नाही तिथे.

बाटली खाली ठेवली. बॉनेट उघडं टाकलं, लांबून बघणाऱ्याला गाडी बिघडली आहे हे कळावं म्हणून. ताडपत्रीचं एक टोक हुडाच्या दांडीला, दुसरं दगडाखाली, पूर्वेच्या बाजूला. गाडीच्या आत भट्टी होती, तिथे बसण्यात अर्थ नव्हता. वाळू तर हवेपेक्षाही तापलेली, म्हणून मागच्या सीटची गादी काढून तिच्यावर बसले. बाह्या खाली, डोक्याला ओढणी. पाणी तुम्ही चार कॅनमध्ये विभागून घ्यायला लावलं होतं, एक फुटला तर तीन उरावेत म्हणून. ते मी तहान लागेल तेव्हा प्यायले. "पाणी कॅनमध्ये ठेवून माणूस मरतो, प्यायचं. जपायचा तो घाम," हे तुमचं वाक्य. रेडिएटरमधल्या हिरव्या पाण्याला हात लावायचा नाही, गोडसर लागलं तरी ते विष, हेही तुमचंच. फोन फ्लाइट मोडवर टाकला. रेंज शोधत बसला की बॅटरी भराभर खातो.

पाचच्या सुमाराला लांबवर उंटांचा कळप गेला. पर्समधल्या आरशाने उन्हाचा कवडसा टाकून बघितला, उंटांनी लक्ष दिलं नाही, आणि राखणदार असलाच तर मला दिसला नाही. जवळच एक खेजडी होती. आपण दसऱ्याला पूजतो ती शमीच. तिच्याखाली बसावं असं फार वाटलं, पण मार्चमध्ये तिच्या फांद्या छाटलेल्या, सावली कसली, चाळण होती. सूर्य बुडाल्यावर फोग नावाच्या झुडपाच्या वाळक्या काटक्या जमवून तीन लहान ढीग रचले, ओळीत, मदतीची खूण म्हणून. पेटवला एकच, बाकीचे दोन कुणाचा दिवा दिसला तर पेटवायचे असं ठरवलं. गारठा मात्र झपाट्याने आला. आणि पीवणा नावाचा साप झोपलेल्या माणसाचा श्वास पितो ही गेस्ट हाउसवर ऐकलेली गोष्ट नेमकी तेव्हाच आठवली. थोतांड आहे हे कळत होतं, तरी काचा लावून गाडीत जाऊन बसले.

इकडे पुण्यात काय चाललं होतं ते मला काकूंनी सांगितलं, तुम्ही नाही. साडेसातला तुम्ही जेवायला नको म्हणालात. फोन आणि वही टीपॉयवर, हातातलं घड्याळ काढून त्याच्या शेजारी. आठ वाजले. आठ वाजून एक मिनिटाने तुम्ही गेस्ट हाउसच्या मालकाला फोन लावलात. तो म्हणाला, "आ जाएगी बाईसा, रास्ते में होंगी." त्यावर तुम्ही तुमच्या फौजी हिंदीत म्हणालात, "होंगी-बिंगी नहीं. आठ का टाइम था, आठ बज गए. गाडी निकालो." मग जैसलमेर कंट्रोल रूम: नंबर, रंग, वाट, शेवटचा मेसेज किती वाजता. मग मालकाच्या व्हॉट्सअॅपवर टायरचे फोटो. आणि काकूंना तुम्ही वर पाठवलंत, माझ्या आईजवळ मालिका बघत बसायला, एक अक्षर न बोलता.

त्या आठ वाजून एक मिनिटाचं मोल मी कसं सांगू? तिथे कुणीही दहा वाजेपर्यंत थांबलं असतं. नंतर सकाळपर्यंत. भलेपणानेच थांबलं असतं, उगाच कशाला घबराट म्हणून. मी गाडीत बसून हिशेब करत होते तो रात्र कशी काढायची याचा नव्हता. आठ वाजले तेव्हा मला माहीत होतं की पुण्यात एक माणूस आत्ता फोन उचलतोय. कदाचित उचलेल असं नव्हे, उचलतोय. त्या रात्री मी दोन तास झोपले, काका. खरंच झोपले.

मालकाने बोलेरो काढली, आणि येताना गावातून एका म्हाताऱ्या पागीला घेतलं. पाऊलखुणा वाचणारी ही माणसं त्या भागात अजून आहेत. चोरीला गेलेला उंट माग काढत परत आणतात. डांबरी रस्ता जिथे सोडायचा तिथे बऱ्याच गाड्यांच्या चाकोऱ्या होत्या, पर्यटकांच्या जीपचा तर बाजार. मालकाने मला नंतर सांगितलं, म्हातारा बोलेरोच्या दिव्यात उकिडवा बसला, मोबाइलमधला तुमचा फोटो डोळ्यांजवळ धरला, चार चाकोऱ्यांवरून बोट फिरवलं आणि मागच्या डाव्या तिरक्या नक्षीवर थांबला. "आ है." त्यानंतर तो बराच वेळ गाडीपुढे चालतच होता. रात्री एकच्या पुढे मला दिवे दिसले. बाकीचे दोन ढीग पेटवायला गेले तर हात इतके थरथरत होते की काडीपेटी अर्धी संपली. त्यांनी बघितल्या आगी. पोलिसांची गाडीही मागून आलीच. म्हाताऱ्याने आधी माझे बूट बघितले, मग चेहरा, आणि थर्मासातला चहा पुढे केला. त्याला मी वाकून नमस्कार केला. तुम्ही करू देत नाही, म्हणून तुम्हाला इथे लिहून करतेय.

पंप जैसलमेरात बदलून घेतला. जुना पुण्याला आणला तो तुमच्यासाठी, आणि त्याचं मात्र तुम्ही मनापासून स्वागत केलंत. वर्तमानपत्र पसरून उघडलात, आतल्या कार्बनच्या कांड्या नखावर ठेवून दाखवल्यात. झिजून नखाएवढ्याच उरल्या होत्या. ठोकल्यावर त्या हलून टेकल्या, म्हणून दीड किलोमीटर चालला. "लई चालला बिचारा," म्हणालात.

राहता राहिली आई. तिच्यापासून सगळं लपवलंत म्हणून ती तुमच्यावर अजून रागावलेली आहे. काकूंशी बोलते, तुमच्याशी नाही, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. मला विचाराल तर तुम्ही केलंत ते बरोबर होतं, आणि तिचा राग पण बरोबर आहे. त्यात मी पडणार नाही. पण काल तिने स्वतःच विषय काढला. मी ऑक्टोबरात पुन्हा जाणार आहे, रब्बीची पेरणी बघायला. ती म्हणाली, "सुभेदारांना सांग, तो कागद दोन प्रतींत करा. एक माझ्याकडे. आणि आठ वाजता ते फोन लावणार असतील तर मीही खाली येऊन बसणार." तेव्हा रविवारी आम्ही दोघी येतोय. वही आणि कार्बन पेपर काढून ठेवा.

आपली,
दुसऱ्या मजल्यावरची