कडी परत पाठवतोय

निलंगा
ता. १८ नोव्हेंबर २०२५

चि. मनीषास,
अनेक आशीर्वाद.

परवा तू स्टँडवर सोडायला आलीस, पण बोलली नाहीस. गाडी हलली तेव्हा हात केलास, तेवढाच. रस्ताभर तो हात डोळ्यांसमोर होता. घरी आल्यापासून तीनदा फोन लावला, पण फोनवर मी 'जेवलीस का' आणि 'पैसे आहेत का' याच्या पुढे जात नाही, हे तुला माहीत आहे. म्हणून लिहायला बसलो. रात्रीचे साडेअकरा झालेत. तुझी आई झोपली आहे, नाहीतर झोपल्यासारखी पडली आहे.

आधी कडीचं सांगतो, म्हणजे तो विषय संपेल. तू आंघोळीला गेली होतीस तेव्हा खालच्या मेसवाल्या मावशींचा स्क्रू ड्रायव्हर मागून आणला आणि तुझ्या दाराची आतली कडी काढली. चार स्क्रू होते, एक गंजलेला, त्याला वेळ लागला. तुला विचारलं नाही. तेवीस वर्षांच्या मुलीच्या दाराची कडी बापानं अशी चोरून काढायची नसते. "बाबा, मी काय कैदी आहे का?" म्हणालीस. खरं आहे. माझं चुकलं. आता कडीबद्दल एक अक्षर लिहीत नाही.

सहा तारखेच्या रात्री एक वाजून दहा मिनिटांनी तुझ्या वर्ध्याच्या मैत्रिणीचा फोन आला. "काका, घाबरू नका" अशीच सुरुवात केली तिनं. अभ्यासिकेतून येताना तुझी छाती भरून आली, हातपाय गार पडले, बोटं वाकडी झाली, 'मी मरतेय' म्हणून तू जिन्यातच बसलीस. ईसीजी नॉर्मल आला, रक्त नॉर्मल आलं. रात्रपाळीच्या डॉक्टरनं "टेन्शन घेऊ नका" म्हणून घरी पाठवलं. मी पहाटेच्या गाडीनं निघालो. बावीस वर्षं स्टेअरिंगवर काढली, पण त्या दिवशी पाठीमागच्या सीटवर बसून आलो, कारण पुढचा रस्ता बघवत नव्हता.

टेन्शन घेऊ नको. भाऊबीजेला आक्कासमोर मीही तुला हेच म्हणालो होतो. त्याच्याही पुढे गेलो होतो. "आम्ही भूकंप सोसला, आणि तुम्हाला एका पेपरची धास्ती." तू ताट तसंच ठेवून उठलीस. त्या वाक्यासाठी हे पत्र आहे, मनीषा. कडीसाठी नाही.

पुण्यात नवी पेठेतल्या त्या मनोविकाराच्या डॉक्टर मॅडमनी प्रिस्क्रिप्शनच्या पाठीमागं चित्र काढून समजावलं, तो कागद मी घेऊन आलोय. डोंगरासारखी रेघ काढली होती. भीतीची लाट दहाएक मिनिटांत टोकाला जाते आणि मग आपोआप उतरायला लागते, कितीही वाटलं तरी ती वर वर जात राहत नाही. श्वास घाईघाईनं घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, म्हणून बोटांना मुंग्या येतात, ओठ बधिर होतात, गरगरतं. हृदय बंद पडत नाही. श्वास सावकाश सोडायचा, घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लावायचा. सकाळच्या गोळीचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, कधी सहा. तेवढ्यात 'काही फरक नाही' म्हणून सोडायची नाही, आणि बरं वाटलं म्हणून मनानं बंदही करायची नाही. रात्रीची छोटी गोळी थोड्याच दिवसांची, कारण तिची सवय लागते. हे सगळं तुला माहीत आहे. मी माझ्यासाठी लिहून काढतोय. आईला समजावताना दोनदा अडखळलो. "वेडाची गोळी तर नाही ना?" तिनं विचारलं. मी म्हणालो, तुझी बीपीची गोळी कसली आहे? तेव्हा गप्प झाली. पण देव्हाऱ्यात तुझ्या नावानं नारळ ठेवलाय, तो असू दे.

आता जे भाऊबीजेला सांगायला हवं होतं ते सांगतो.

१९९३ साली मी सतरा वर्षांचा होतो. २९ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी. मिरवणूक उशिरापर्यंत चालली आणि आम्ही पाच-सहा पोरं शाळेच्या मैदानातच सतरंजी टाकून झोपलो. पहाटे चारला चार मिनिटं कमी असताना जमीन हलली. हे तू शाळेच्या पुस्तकातही वाचलंस, दरवर्षी ३० सप्टेंबरला स्मृतिस्तंभावर माझ्याबरोबर आलीस. सरकारी हिशेबानं जवळजवळ आठ हजार माणसं गेली. आपलं घर सगळ्यांसारखंच होतं, दगडमातीच्या दोन-अडीच फुटी भिंती आणि वर माळवद. उन्हाळ्यात गार राहायचं ते घर. भिंती फाकल्या आणि माळवदाची सगळी माती आत बसली.

जे मी कुणालाच सांगितलं नाही ते हे. अंधारात चाचपडत मी घरापाशी पोचलो तेव्हा फक्त दाराची चौकट उभी होती. दोन्ही बाजूला ढीग. त्या चौकटीत दार तसंच बंद होतं. मी ढिगावर चढून पलीकडे उतरलो तर कडी आतून लागलेली दिसली. आईनं लावली असणार. मी येणार नाही हे मीच सांगून गेलो होतो. ती आणि बाळू दाराच्या आत चार हातांवर सापडले, तेही दुसऱ्या दिवशी दुपारी, लष्कराची माणसं आल्यावर. कडी उघडी असती तर ते बाहेर पडले असते का, हे मला बत्तीस वर्षांत कळलेलं नाही. बहुतेक नसतेच पडले. हादरा अर्ध्या-पाऊण मिनिटाचा होता.

म्हणून मी तुझ्या दाराची कडी काढली. लिहिणार नाही म्हटलं होतं आणि लिहिलंच.

त्यानंतर पाच वर्षं मी छपराखाली झोपलो नाही. पत्र्याच्या शेडमध्ये सगळे झोपायचे, मी बाहेर बाजेवर, पाऊस आला की बाज झाडाखाली ओढायची. नवीन गावात पक्कं घर मिळालं तरी तसंच. एसटीत लागलो तेव्हा सगळे वस्तीच्या गाडीची ड्यूटी टाळायचे आणि मी मागून घ्यायचो. लोकांना वाटायचं, भत्त्यासाठी. गाडीच्या टपावर किंवा सीटवर झोपायला मिळतं, अंगावर माती पडायची नाही, म्हणून घ्यायचो. आणि एकदा भरल्या गाडीत, औसा सोडल्यावर, तुला झालं तेच मला झालं. छाती धडधडायला लागली, हात स्टेअरिंगवर थरथरू लागले, डोळ्यांपुढं पांढरं. गाडी कडेला घेतली, "टायर बघतो" म्हणून उतरलो आणि मागच्या चाकाला टेकून बसलो. चाकाचा तापलेला वास अजून आठवतो. कंडक्टरनं पाणी आणून दिलं, तो काही बोलला नाही, प्रवाशांनाही काही सांगितलं नाही. मोठी माय म्हणाली, बाहेरचं आहे. अंगारे झाले, दर्ग्यात धागा बांधून झाला. मग ती दोन वर्षं, ज्यांच्याबद्दल तुझी आई कधी बोलत नाही. डॉक्टरकडे जायचं असतं हे कुणाच्या डोक्यातच नव्हतं. २०२२ च्या सप्टेंबरात आपल्या तालुक्यातल्या हासोरीला जमिनीतून आवाज यायला लागले तेव्हा मी पुन्हा अंगणात बाज टाकली होती. तू विचारलंस तर "आत उकडतंय" म्हणालो.

तेव्हा भूकंप सोसला हे मी छाती फुगवून म्हणालो ते खोटं होतं. सोसला नाही. लपवला.

तुला भीती माझ्याकडून आली का, हे मी मॅडमना तू बाहेर गेल्यावर विचारलं. त्या म्हणाल्या, घरात कुणाला असेल तर शक्यता थोडी वाढते, पण तेवढ्यानंच होत नाही, आणि तो कुणाचा गुन्हा नव्हे. शेवटचं वाक्य माझ्यासाठी बोलल्या असाव्यात.

आता थोडं सांगतो, लेक्चर समजू नकोस. अकरानंतर पुस्तक नको. सहानंतर चहा नको, तुमच्या त्या अभ्यासिकेखालच्या टपरीवर रात्री बाराला चहा पितात ते मी पाहिलं. एक वेळचा डबा दोन वेळा पुरवायचा नाही. पैशाची काळजी करू नकोस, सोयाबीन गेलं ते गेलं, माझा पगार चालू आहे. सकाळी ओंकारेश्वरापर्यंत चालत जा. खोलीत एकटी राहू नकोस. मैत्रीण गावी जाणार असेल तर आधी मला सांग. आंघोळीला जातानाही तिला... बघ, सुरू झालोच. माफ कर. हे सगळं खोडणार होतो, पण कागद घाण होईल.

परीक्षेचं मी काढणार नव्हतो, पण तुझ्या मनात तेच असेल. पुरामुळं एमपीएससीची परीक्षा २८ सप्टेंबरवरून ९ नोव्हेंबरवर गेली आणि तुझी तयारी पुन्हा ताणली गेली. ९ तारखेला तू बसली नाहीस. "वर्ष वाया गेलं" म्हणत भिंतीकडे तोंड करून पडली होतीस. त्या दिवशी मला काही सुचलं नाही. आता सांगतो. सप्टेंबरात गावात पाणी शिरलं तेव्हा तू आठ दिवस इथं होतीस. समाजमंदिरात बसून तू लोकांची नुकसानीची कागदं लिहून दिलीस, सातबारा, आधार, बँकेचं पासबुक, एकेकाचं नीट लावून. लक्ष्मणतात्या अजून विचारतात, साहेबीण कधी येणार. त्यांच्या दृष्टीनं तू कधीच साहेब झालीस. मी तिथं मागं उभा होतो. माझी छाती तेव्हा कशानं भरून आली ते तुला कळलं नाही, आणि मी पण नुसतं "चल, जेवायला" म्हणालो.

पुढची परीक्षा द्यायची का नाही, पुण्यात राहायचं का इकडं यायचं, ते तू आणि मॅडम ठरवा. मी विचारणार नाही. निदान महिनाभर तरी विचारणार नाही.

एक विचारतो मात्र, आणि हे विचारायला मला दहा दिवस लागले. तू दिलेल्या कागदावर १४४१६ नंबर होता, टेली मानसचा, म्हणजे मनाच्या त्रासात मदत करणारा. सरकारनं २०२२ साली सुरू केलाय, चोवीस तास, फुकट. तो तुझ्यासाठी होता, पण काल रात्री मीच लावला. पलीकडून बाई मराठीत बोलल्या. मी त्यांना कडीचं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, दादा, तुम्ही कडी काढलीत, पण मुलीला विचारलंत का? मी म्हणालो, असं कसं विचारायचं, विचारलं तर तिच्या डोक्यात यायचं. त्या म्हणाल्या, विचारल्यानं विचार येत नाही. असला तर बाहेर पडायला वाट मिळते.

तर विचारतो. मनीषा, तुला कधी जीव द्यावासा वाटतो का? नसेल तर नाही म्हण, मी पुन्हा विचारणार नाही. असेल तर हो म्हण. मी ओरडणार नाही, रडणार नाही, आईला लगेच सांगणार नाही. निघेन आणि येईन, एवढंच. रात्री तीनला वाटलं तर तीनला फोन कर. आणि माझा फोन लागला नाही, मी गाडीवर असलो, तर त्या नंबरवर कर, मी बोललोय, चांगलं बोलतात.

उद्याच्या रातराणीच्या कंडक्टरकडे पिशवी देतोय. ज्वारीच्या भाकरी आहेत, शेंगदाण्याची चटणी, आईनं केलेले तिळाचे लाडू, थोडे मऊ झालेत. खाली वर्तमानपत्राच्या पुडीत तुझी कडी आहे, खिशात राहून इकडे आली होती. गंजलेला स्क्रू बदलून नवा दिलाय, चारही पुडीतच आहेत. मावशींकडून स्क्रू ड्रायव्हर घे आणि तुझ्या हातानं लाव. दार जरा खाली बसलंय, कडी लावताना ते वर उचलून धरावं लागेल, नाहीतर भोकं जुळत नाहीत.

पिशवी मिळाली की कळव. त्या प्रश्नाचं उत्तर सावकाश दे, पण दे.

तुझा,
बाबा

ता.क. वर्ध्याच्या पोरीला चार लाडू वेगळे बांधलेत. त्यातले तू खाऊ नकोस.