कॉफी म्हणजे कॉफीच

प्रिय मित्रा,

तुझा व्हिसा आला हे वाचून खोलीतच नाचलो. सामानाची यादी नंतर पाठवतो. "तिकडे मुलींशी वागायचं कसं?" असं विचारलंयस, त्याबद्दल आधी लिहितो, कारण त्यात मी सपशेल आपटलोय.

पहिल्या सत्रात प्रयोगशाळेत माझ्या जोडीला एक मुलगी होती. एकदा काम आटोपल्यावर म्हणाली, कॉफी घेऊया? तासभर गप्पा झाल्या, निघताना तिने सहज मिठी मारली आणि आमच्या कल्पनेचं विमान सुटलं! रात्री चार मेसेज टाकले. उत्तर नाही. सकाळी पाचवा. दुपारी मला बाजूला घेऊन म्हणाली, "मला मैत्री हवी आहे, त्यापलीकडे काही नाही. उत्तर आलं नाही तर पुन्हा पुन्हा विचारू नकोस." आवाज चढला नाही, की तोंड वाकडं झालं नाही. माझे कान मात्र तापले होते. "समजलं, सॉरी" एवढंच बोललो. उरलेलं सत्र आम्ही त्याच टेबलावर काम केलं, आणि खरं सांगू, तेच जास्त अवघड गेलं.

'नाही म्हणजे लाजतेय' हे आपण सिनेमातून उचललेलं गणित इथे चालत नाही. स्वीडनने तर २०१८ साली कायदाच बदलला: संबंध स्वेच्छेने नसेल तर तो बलात्कार, मग बळजबरी किंवा धमकी झालेली असो वा नसो. जर्मनीतही २०१६ पासून उघड दिसणारा नकार डावलणं हा गुन्हा आहे. म्हणून घाबरून कोपऱ्यात बसू नकोस हं. आवडली तर विचार. एकदाच, सरळ. "नाही" आलं की विषय संपला.

खरा त्रास मात्र आपल्याच लोकांचा. आमच्या ओळखीतली एक मुलगी दोन मुलांसोबत फ्लॅट शेअर करते. इथल्यांना त्याचं काही नाही, पण आपली पोरं तिच्यावर पाळत ठेवतात, मागून हसतात, आणि स्वतः डेटिंग अ‍ॅपवर! मीही त्या हसण्यात सामील होतो, हे कबूल करतो.

आणि भांडी घासायला आत्ताच शिक. आमच्या फ्लॅटच्या तक्त्यावर तीन आठवडे माझ्या नावापुढे खूण नव्हती, तेव्हा फ्लॅटमधल्या मुलीने माझी खरकटी ताटं थेट माझ्या टेबलावर आणून ठेवली. आजही नंबर माझाच आहे, सिंक भरलंय. उठतो.

तुझाच,
मी