राजारामपुरीतल्या डीटीपीवाल्या काकांना

काका, नमस्कार.

नाव घालू नको म्हणालात, म्हणून घातलं नाही. पण राजारामपुरीत झेरॉक्स काढणाऱ्या निम्म्या पोरांना कळेलच.

पीएचडीचा विषय पहिल्यांदा सांगितला तेव्हा तुम्ही विचारलंत, "वंश, अपंगत्व आणि मोबाईल? तिघांचं काय नातं ओ?" मी म्हटलं, 2018 साली अमेरिकेत जॉय बुओलाम्विनी आणि टिमनिट गेब्रू यांनी चेहऱ्यावरून बाई की पुरुष ते ओळखणारी सॉफ्टवेअरं तपासली. गोऱ्या पुरुषांना ओळखताना चूक फार तर 0.8 टक्के, काळ्या-सावळ्या बायकांना ओळखताना 34.7 टक्क्यांपर्यंत. "म्हंजे मशीनबी रंग बघतंय म्हणा की!" माझी प्रस्तावना चार पानांची आहे काका, उगीच.

त्याआधी एका कार्यालयात मी जुने लेख मागितले होते. पीडीएफ मिळाली, पण नुसते पानांचे फोटो. त्यावर माझा एनव्हीडीए, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्यानं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, गप्पच. तक्रार केली तर उत्तर आलं, "पीडीएफ दिलीय की, आता वाचूनपण दाखवू?" 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचा फलक त्याच भिंतीवर आहे, असं मैत्रिणीनं बाहेर आल्यावर सांगितलं. तुम्ही ते सगळं ओसीआर करून, म्हणजे फोटोतली अक्षरं मशीनकडून ओळखून घेऊन, एकेक जोडाक्षर दुरुस्त करून युनिकोडात दिलंत.

पण हे पत्र त्यासाठी नाही.

मीम्सचा अध्याय होता. मला दिसत नाही, म्हणून प्रत्येक चित्राखाली त्यात काय आहे ते दोन ओळीत टाईप करायचं ठरलं. तिसऱ्या चित्रावर कीबोर्डचा आवाज थांबला. "ताई, ह्या बाईचा रंग लिहू का? काळी म्हटलेलं वाईट दिसंल काय?"

नवव्या वर्षापर्यंत मला दिसायचं. रंग आठवतात मला. पण तेव्हापासून साडीच्या दुकानातसुद्धा "तुला काय, कुठलाही शोभतो" एवढंच ऐकत आले. बिंदू चौकात रस्ता ओलांडायचा नसताना दंड धरून पलीकडे नेऊन सोडणारे पुष्कळ भेटतात, तेही बिचारे भलेच. काय सांगू, काय नको, हे आधी मला विचारणारे तुम्ही पहिले.

मी म्हटलं, लिहा. तुम्ही जरा वेळ घेतलात आणि टाईप केलंत: "बाईचा रंग गुळाच्या ढेपेसारखा. पिवळ्याधमक नव्हे, बिनकेमिकलच्या."

घरी एनव्हीडीएनं ती ओळ त्याच्या सपाट आवाजात वाचली आणि इतक्या वर्षांनी एक रंग मला लख्ख दिसला. मी ती तीनदा वाचून घेतली. प्रबंधाच्या भाषेत बसत नाही, काढून टाका, असा शेरा आलाय. काढलेली नाही.

पुढच्या अध्यायाची 22 चित्रं घेऊन सोमवारी येते. या खेपेला पैसे पूर्ण घ्यायचे.

तुमची,
गुळाच्या ढेपेवाली ताई