जुन्या नकाशांवरून उपनगराची वाढ शोधताना: आई-बाबांना पत्र

प्रिय आई-बाबा,

साष्टांग नमस्कार.

जुने नकाशे जमवून एखादं उपनगर कसकसं पसरत गेलं ते शोधायचं तुम्ही दोघांनी मनावर घेतलंत, याचा मला मनापासून आनंद झालाय. फोनवर हे सगळं नीट सांगता येत नाही, म्हणून सविस्तर लिहितेय. आई, तू हे पत्र छापून नकाशाशेजारी ठेव. बाबा, आकडेमोड तुमच्याकडे.

नकाशा हातात आला की आधी त्याचा समास वाचा, चित्र नंतर. एका नकाशावर एकच साल नसतं. मोजणीचं साल वेगळं, दुरुस्तीचं वेगळं आणि छपाईचं आणखी वेगळं. ब्रिटनच्या ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशा संस्थेच्या पत्रकांवर ही तिन्ही बारीक अक्षरांत दिलेली असतात. ग्रंथालयाच्या यादीत मात्र बहुतेक वेळा छपाईचं सालच नोंदवलेलं असतं. कधी पुनर्मुद्रणात फक्त रस्ते किंवा लोहमार्ग नवे घातलेले असतात आणि घरं जुन्या मोजणीचीच राहतात. अशा पत्रकावर नवा रस्ता ओसाड माळावरून गेल्यासारखा दिसतो, प्रत्यक्षात त्याच्या दोन्ही बाजूंना घरं उभी राहिलेली असू शकतात.

म्हणून वहीत प्रत्येक इमारतीसाठी किंवा गल्लीसाठी दोन रकाने करा: शेवटचं 'नाही' आणि पहिलं 'आहे'. दोन्हींत मोजणीचं किंवा दुरुस्तीचं साल लिहायचं, छपाईचं नाही. १८९३च्या मोजणीत गल्ली नाही आणि १९११च्या दुरुस्तीत आहे, तर उत्तर '१८९३ ते १९११' एवढंच. मधलं १९०२ धरायचा मोह होतो, तो टाळा. एकदा ते साल वहीत गेलं की पुढे तेच खरं वाटायला लागतं.

त्यातही 'नाही'चे दोन प्रकार असतात: तिथे नव्हतंच, आणि होतं पण दाखवलं नाही. माझ्या मते या सगळ्या कामात सर्वाधिक चुका इथेच होतात, म्हणून यावर जरा थांबते.

पहिलं कारण प्रमाण. एक इंचाला एक मैल, म्हणजे १:६३,३६० या प्रमाणात नकाशावरचा १ मिलिमीटर जमिनीवर सुमारे ६३ मीटर भरतो. १० मीटर रुंदीचं घर तिथे खऱ्या मापाने काढताच येत नाही. रस्ता दिसावा म्हणून तो मुद्दाम जाड काढतात आणि त्याच्या कडेची घरं बाजूला सरकवतात. दाट वस्ती असेल तर दहा घरांच्या जागी तीन ठिपके येतात. या प्रमाणावर घरं मोजायचीच नाहीत, फक्त वस्तीची सीमा बघायची. एकेक घर हवं असेल तर १:२,५०० किंवा त्याहून मोठं प्रमाण लागतं, तिथे १ मिलिमीटर म्हणजे अडीच मीटर. सहा इंचाला एक मैल, म्हणजे १:१०,५६०, ही मधली पायरी. उपनगराच्या अभ्यासाला मला हेच प्रमाण सगळ्यात आवडतं, कारण घरंही बऱ्यापैकी कळतात आणि सगळा परिसरही दोन-चार पत्रकांत मावतो.

दुसरं कारण चिन्हांचे नियम. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या १:२४,००० पत्रकांवर दाट वस्तीवर नुसता गुलाबी-लालसर रंग भरलेला असतो आणि त्यात शाळा, चर्च अशा ठळक इमारतीच दाखवतात. त्या रंगात घरं दिसत नाहीत याचा अर्थ जागा मोकळी आहे असा नाही, उलट ती भरलेली आहे. त्याच पत्रकांवर जांभळ्या रंगात जे असतं ते नंतर हवाई छायाचित्रांवरून घातलेलं, जागेवर जाऊन न तपासलेलं. म्हणजे एकाच कागदावर दोन काळ असतात. नकाशा काळा-पांढरा स्कॅन केलेला मिळाला तर हा फरक नाहीसा होतो, त्यामुळे रंगीतच मागायचा.

तिसरं कारण मुद्दाम वगळणं. लष्करी जागा अनेक देशांनी गाळल्या. सोव्हिएत संघात तर सामान्य लोकांसाठीचे नकाशे मुद्दाम विकृत केले जात, आणि हे १९८८मध्ये तिथल्या अधिकाऱ्यांनीच मान्य केलं. सरळ लोहमार्गाशेजारी विचित्र मोकळा चौकोन दिसला तर ही शक्यता डोक्यात ठेवा.

उलटंही होतं: नकाशावर आहे, पण जमिनीवर नव्हतंच. नियोजनाचे आराखडे आणि प्लॉटविक्रीचे नकाशे हे असे असतात. तुटक रेषेतला रस्ता म्हणजे ठरवलेला रस्ता. प्लॉट विकणारे तर तो पक्क्या रेषेतच काढतात. खाजगी छापखान्यांचे शहर-नकाशे जुन्या सरकारी मोजणीवरून उतरवलेले असत. मुखपृष्ठावर नवं साल आणि आत कितीतरी जुनी वस्ती, हे त्यांत नेहमीचं. असे नकाशे पुराव्याच्या रकान्यात नको, 'सूचक' म्हणून वेगळे ठेवा.

अमेरिकेतले सॅनबॉर्न कंपनीचे आगविम्याचे नकाशे मिळाले तर जरूर बघा. कंपनी १८६७ची, प्रमाण बहुधा एका इंचाला ५० फूट. विटांची इमारत गुलाबी, लाकडी पिवळी, असा रंगांचा संकेत असतो. पण त्यांच्यावर बदलांच्या चिठ्ठ्या चिकटवून तेच पुस्तक पुढे वापरलं जाई. मुखपृष्ठावरचं साल मूळ पत्रकाचं असतं, चिठ्ठीखालची आणि चिठ्ठीवरची इमारत वेगवेगळ्या काळची. चिठ्ठीची कड स्कॅनमध्येही फिकट रेषेसारखी ओळखता येते, आई, तुझं भिंग इथे कामाला येईल.

आता नकाशे एकावर एक बसवायचं काम, म्हणजे जिओरेफरन्सिंग. संगणकावर क्यूजीआयएस हे मोफत सॉफ्टवेअर घ्या. नव्या आवृत्त्यांत 'लेयर' मेन्यूत 'जिओरेफरन्सर' मिळेल, जुन्यांत तो 'रास्टर' मेन्यूत होता.

स्कॅन किमान ४०० डीपीआयचा, म्हणजे एका इंचात ४०० पिक्सेल (ठिपके) असलेला मागा. १:१०,५६० प्रमाणावर त्यातला एक पिक्सेल साधारण ०.६७ मीटर होतो, हे पुरेसं आहे. सपाट स्कॅनर चांगला. रोलरमधून ओढलेल्या स्कॅनमध्ये कागद घसरला तर एकाच दिशेने ताण येतो. फोनने फोटो काढावा लागला तर जरा लांबून, झूम करून, नकाशाच्या बरोबर समोरून काढा. अगदी जवळून काढलेल्या फोटोत कडा वाकतात. फ्लॅश नको.

बसवण्याआधी, बाबा, मूळ कागदावरची प्रमाणपट्टी पट्टीने मोजा. एक इंची नकाशावर ६ मैलांची पट्टी १५२.४ मिलिमीटर यायला हवी. १५१ आली तर कागद जवळजवळ एक टक्का आकसला आहे. मग उभ्या दिशेनेही ज्ञात अंतर मोजा, कारण कागद दोन्ही दिशांना सारखा आकसत नाही. हे किरकोळ वाटतं, पण ६० सेंटिमीटरच्या पत्रकात अर्धा टक्का म्हणजे ३ मिलिमीटर, आणि १:१०,५६०वर ते जमिनीवर ३० मीटरपेक्षा जास्त होतात. कापडावर तुकडे चिकटवून घडी घालता येईल असा केलेला नकाशा असेल तर तुकड्यांमध्ये फटी असतात. २ मिलिमीटरची फट एक इंची नकाशावर सव्वाशे मीटर होते. तिथे प्रत्येक तुकडा वेगळा बसवावा लागतो, दुसरा इलाज नाही.

जुन्या आणि आजच्या नकाशावर सारखेच राहिलेले बिंदू निवडा: लोहमार्गाखालचा पूल, जुन्या रस्त्यांचे चौक, प्रार्थनास्थळाचा कोपरा. नदीचा काठ, तळ्याची कड, झाडी हे बिंदू घेऊ नका, ते सरकतात. चौकही रुंदीकरणात एका बाजूला सरकलेला असू शकतो, म्हणून शक्यतो मधला बिंदू घ्या. साध्या रूपांतरासाठी गणिताने ३ बिंदू पुरतात, पण १० ते १२ घ्या आणि ते चारही कोपऱ्यांत पसरवा. सगळे लोहमार्गाच्या कडेनेच घेतले तर दूरची बाजू भलतीकडे फिरते.

मग सॉफ्टवेअर सरासरी चूक दाखवतं, म्हणजे बिंदू आपापल्या जागेपासून सरासरी किती हुकले ते. ती पिक्सेलमध्ये असेल तर एका पिक्सेलच्या मीटरने गुणा. नकाशावरचा अर्धा मिलिमीटर एवढी चूक चालते, म्हणजे १:१०,५६०ला सुमारे ५ मीटर आणि एक इंचीला सुमारे ३० मीटर. तीनच बिंदू घेतले तर चूक शून्य येते. 'थिन प्लेट स्प्लाइन' ही बसवण्याची पद्धत निवडली तरी शून्यच येते, कारण ती पद्धत कागद ताणून प्रत्येक बिंदू गाठतेच. त्या शून्यावर विश्वास ठेवू नका. दोन बिंदू बाजूला राखून ठेवा आणि शेवटी ते कुठे पडतात ते बघा. एखाद्याच बिंदूची चूक मोठी असेल तर काढून टाकण्याआधी जागा तपासा, कधीकधी तो पूलच पुढे नव्या जागी बांधलेला असतो.

समासातले अक्षांश-रेखांश तसेच टाकू नका. जुन्या मोजण्या वेगळ्या आधारावर आहेत, म्हणजे पृथ्वीचा आकार त्यांत वेगळा धरलेला आहे; भारतीय सर्वेक्षणाच्या जुन्या पत्रकांचा आधार एव्हरेस्टचा लंबगोल आहे, आजच्या जीपीएसचा नाही. फ्रान्सच्या जुन्या नकाशांचे रेखांश पॅरिसपासून मोजलेले, ग्रीनिचपासून २ अंश २० मिनिटांहून थोडे पूर्वेला. ऑर्डनन्स सर्व्हेच्या जुन्या मोठ्या प्रमाणाच्या पत्रकांत तर काउंटीनुसार (म्हणजे जिल्ह्यानुसार) मूळ मध्यान्हरेषा, म्हणजे जिथून मोजायला सुरुवात केली ती उभी रेषा, बदलते, त्यामुळे सीमेवरची शेजारची पत्रकं एकमेकांना जुळत नाहीत. उपनगरं नेमकी अशा सीमांवरच वाढतात, म्हणून दोन्ही बाजू वेगवेगळ्या बसवा. ब्रिटनपुरतं काम असेल तर नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडच्या संकेतस्थळावर बसवून तयार असलेले नकाशे आजच्या नकाशाशेजारी बघता येतात, सरावासाठी ते उत्तम.

नकाशांमधली दरी भरायला छायाचित्रं घ्या. अमेरिकेच्या कोरोना हेरउपग्रहांची १९६० ते १९७२ची छायाचित्रं १९९५मध्ये खुली झाली. शेवटच्या कॅमेऱ्यांची स्पष्टता सुमारे २ मीटरपर्यंत होती, घरांच्या रांगा कळतात. पण फिल्म लांबट आणि कडांना वाकलेली असते, तिला जास्त बिंदू लागतात. लँडसॅट ही अमेरिकेची उपग्रहमालिका १९७२पासून आहे, त्यात ३० मीटरची स्पष्टता १९८२पासून. घरांसाठी नाही, वस्तीची कड कुठवर आली एवढ्यासाठीच. छायाचित्राचा मोठा गुण म्हणजे त्याला एकच तारीख असते.

सगळं बसलं की प्रत्येक काळच्या वस्तीची सीमा वेगळ्या थरात काढा आणि वाचायला लागा. हा भाग मला सगळ्यात प्रिय आहे. वीटभट्ट्या आणि मातीच्या खाणी बहुधा घरांच्या आधी नकाशावर येतात. पुढच्या पत्रकात तिथे तळं, मैदान किंवा भराव दिसतो, आणि भराव असेल तर तिथली घरं आसपासच्या घरांपेक्षा उशिराची. स्टेशन उघडलं की लगेच वस्ती वाढते असं गृहीत धरू नका, मालकाने जमीन विकायला काढल्याशिवाय काही होत नाही. म्हणून शेताचे जुने बांध आजच्या रस्त्यांवर ठेवून बघा. एक गल्ली मध्येच संपते, दुसरी अचानक वळते, त्याचं कारण कितीतरी वेळा दोन मालकांमधला बांध असतो. एकाच शेताच्या हद्दीतले रस्ते समांतर, शेजारच्या शेतातले वेगळ्या कोनात, असं दिसलं की ते भाग वेगवेगळ्या वेळी विकले गेले का ते जमिनीच्या नोंदींत शोधा.

नोंदी करताना रस्त्याच्या नावावर विसंबू नका, नावं बदलतात. प्रत्येक जागेला क्रमांक द्या आणि जोडीला पत्रक क्रमांक, मोजणीचं साल, चुकीचे मीटर लिहा. जिओरेफरन्सरची बिंदूंची फाइल जपून ठेवा, म्हणजे पुन्हा बसवताना सुरुवातीपासून करावं लागणार नाही. मूळ कागदावर सेलोटेप लावू नका, लॅमिनेट तर मुळीच नको. नोंद करायची तर शिसपेन्सिलीने, तीही वहीत.

बाबा, पहिल्या पत्रकाच्या चारही समासांचे फोटो मला पाठवा, चित्राचे नकोत. त्यावरून मोजणीचं साल, प्रमाण आणि आधार कळला की कुठले बिंदू घ्यायचे ते आपण फोनवर ठरवू.

तुमची,
लेक