दादाला विसर असं कुणी सांगणार नाही

प्रिय मित्रा,

तुझा मेसेज मिळाला. “रडणं हा आजार आहे का, आणि असलाच तर तो मोबाइलवर बरा होतो का?” फोनवर दादाच्या जाण्याचा विषय निघाला की तू दुसरंच काही काढतोस, म्हणून पत्र लिहितोय. निदान मधेच तोडता येणार नाही.

रडणं आजार नाही. जवळचं माणूस गेल्यावर बहुतेक जण आपापल्या गतीने सावरतात. साधारण दहातल्या एकाचं दुःख मात्र होतं तिथेच थिजून राहतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात २०२२ पासून या प्रदीर्घ शोकाला वेगळी जागा आहे. सहा महिने उलटून गेले तरी गेलेल्या माणसाची ओढ तितकीच तीव्र, आणि त्यापायी कामधाम, नाती सगळं विस्कटलेलं, असं असेल तर. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांनी त्याच वर्षी मोठ्या माणसांसाठी १२ महिन्यांची मुदत धरली. आपल्या समाजात जितका शोक रीतीचा मानतात त्यापलीकडे तो गेलेला असावा, हेही दोघांनी लिहिलंय. त्यामुळे वाढदिवसाला डोळे भरून आले म्हणून तुला कुणी रुग्ण ठरवणार नाही. पण दादाच्या खोलीत तू अजून पाऊल टाकत नाहीस, आणि त्याचं नाव निघालं की उठून जातोस. वहिनीसुद्धा आता तुझ्यासमोर त्याच्याबद्दल बोलायचं टाळते.

कोरोनाच्या महासाथीतल्या मृत्यूंचं वेगळंच होतं रे. हात धरता आला नाही, चेहरा नीट दिसला नाही, भेटायला माणसं आली नाहीत. शिवाय ‘घरात संसर्ग मीच आणला’ हे ज्याच्या त्याच्या मनात. माझ्या आईच्या वेळी मीही हेच उगाळत बसायचो. कुणी “तुझा दोष नाही” म्हटलं की राग यायचा, कारण म्हणणाऱ्याला काहीच माहीत नसायचं.

उपचारात मला तसं कुणी म्हटलंच नाही. माझ्या थेरपिस्ट बाईंनी विचारलं, “त्या दिवशी तुम्हाला काय काय माहीत होतं?” आणि आम्ही तेवढंच मांडत गेलो, नंतर कळलेलं सगळं बाजूला ठेवून. ही पद्धत कोलंबिया विद्यापीठातल्या कॅथरीन शिअर यांनी बसवलेली, मूळ आराखडा १६ भेटींचा. डोळे मिटून त्या मृत्यूची हकिगत मोठ्याने सांगायची, ती रेकॉर्ड करून घरी पुन्हा ऐकायची. टाळलेल्या जागा थोड्या थोड्या करून गाठायच्या. गेलेल्या माणसाशी बोलायचं, आणि त्याच्या बाजूने उत्तरही आपणच द्यायचं. हे शेवटचं मला नाटकी वाटलं होतं. आईच्या बाजूने बोलायला लागलो आणि ती मला चक्क रागावली! त्याबरोबरच दर आठवड्याला पुढच्या आयुष्यातली एखादी हवीशी गोष्ट ठरवायची, कितीही लहान असो. मला हा भाग सगळ्यात जड गेला.

गोळ्यांचं म्हणशील, तर शिअर यांच्याच २०१६च्या अभ्यासात नैराश्यावरचं औषध जोडल्याने शोक आणखी कमी झाला नाही. थेरपीबरोबर घेतल्यावर नैराश्याची लक्षणं मात्र जास्त उतरली. तुझ्या चालू गोळ्या मनाने बंद करू नकोस.

आता मोबाइलचं. दुःखावर इंटरनेटवरून उपचार करणं महासाथीच्या आधीचं आहे. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका स्विस अभ्यासात लोकांनी पाच आठवडे, आठवड्यातून दोनदा पाऊण तास नुसतं लिहायचं होतं आणि थेरपिस्ट लेखी उत्तर द्यायचे. त्याने फरक पडला. तुझ्यासारख्या न बोलणाऱ्याला कदाचित हेच बरं पडेल. पण एक गोष्ट पहिल्याच दिवशी सांगून टाक. दादाला तू शेवटचं पाहिलंस ते व्हिडिओ कॉलवरच. स्क्रीनवर चेहरा गोठला, आवाज तुटला की तुझं काय होतं ते मी पाहिलंय. कॅमेरा बंद ठेवून बोलता येतं, कॉल कापला गेला तर काय करायचं तेही आधी ठरवता येतं. ज्यांना हे विचारलेलं आवडणार नाही, ते थेरपिस्ट तुझ्या कामाचे नाहीत.

त्यांचं शिक्षण विचार, आणि प्रदीर्घ शोकाचं काम पूर्वी केलंय का तेही. रेकॉर्डिंग कुणाकडे राहतं ते विचार. नुसतं “मन मोकळं करा” म्हणणारी ॲप्स सोडून दे. मन मोकळं करायला मी आहे. दार लागेल अशी खोली बघ, आणि सेशननंतर तासभर कुठलीच मीटिंग घेऊ नकोस. सुरुवातीचे काही आठवडे जास्त त्रास होऊ शकतो, झोप बिघडू शकते. तेव्हाच काही जण सोडून देतात. मात्र जगणंच नको वाटलं, तर पुढच्या वेळेची वाट बघायची नाही. त्याच क्षणी मला किंवा हेल्पलाइनला फोन, मग रात्रीचे दोन का वाजलेले असेनात.

माझ्या बाईंना विचारलं. नियमाप्रमाणे त्या आपल्या दोघांना घेणार नाहीत, पण दोन नावं सुचवली आहेत. सोबत पाठवतोय. वहिनीलाही दाखव, पण तिने यायलाच हवं असा आग्रह धरू नकोस. तिचा मार्ग वेगळा असू शकेल. कुणाकडे जायचं ते ठरलं की कळव, त्या दिवशी मी इकडे काम ठेवत नाही.

तुझाच,
मित्र