मिनीबसवाल्या काकांना, गोलीकडून (म्हणजे टीमच्या गोलकीपरकडून)

काका, नमस्कार.

यंदा आंतरमहाविद्यालयीन फुटबॉलमध्ये आमचं काय झालं, ते तुमच्याइतकं कुणालाच ठाऊक नाही. सात मॅच झाल्या. सहा हरलो, एक बरोबरीत सुटली. गोल खाल्ले २३, आणि ते सगळे मीच, कारण आमच्या दुसऱ्या गोलीचा पाय सुरुवातीलाच मुरगळला. (दिवाळीला नरकासुराचा पुतळा बांधताना तो पाय बरा चालत होता.)

चौथ्या मॅचनंतर गाडीचे पैसे संपल्याचं आम्हाला कळवण्यात आलं. तुम्ही म्हणालात, "डिझेल घाला, बाकीचं मागाहून बघू." पेडण्याहून मडगाव काही जवळ नाही. तिथून परतताना आम्ही अकरा-बाराजण लाल चिखलानं माखलेले असायचो. तुम्ही सीटवर ताडपत्री अंथरायचात, शिव्याही घालायचात, आणि पुढच्या मॅचला पहाटे परत हजर!

पण आभार मानायचे आहेत ते पर्वरीच्या ट्रॅफिकमधल्या त्या संध्याकाळचे. त्या दिवशी पाच खाल्ले होते. मागे सगळे झोपेचं सोंग घेऊन पडलेले. तुम्ही आरशात बघून म्हणालात, "कॉर्नर आला की तू मागे सरतोस. मुखार यो रे!" पुढे ये म्हणून. खरं सांगतो, राग आला. सगळी मॅच तुम्ही गोलच्या मागे उभे राहून बघता, हे मला तोवर ठाऊकच नव्हतं. मग तुम्ही तुमचं सांगितलंत. भात कापून झालं की शेतात दोन बांबू रोवून खेळायचं, तेही अनवाणी. "आडवं पडलं की सड टोचतात, म्हणून पुढे येऊन उभ्यानंच अडवायला शिकलो." त्यावरून गाडी गोव्याचे गोली ब्रह्मानंद शंखवाळकर यांच्यावर गेली, १९८३-८४ च्या राज्याराज्यांतल्या संतोष करंडकावर, गोव्यानं पंजाबला १-० नं हरवलेल्या फायनलवर. तो विषय निघाला की तुमची मिनीबस उताराला लागली तरी हळूच चालते.

पुढच्या मॅचमध्ये तीन खाल्ले. कॉर्नरवरचा एकही नाही. हे मोजलं फक्त तुम्ही आणि मी. बाकीच्यांच्या लेखी ती नुसती हार.

म्हापशाला गाड्यावर थांबून रस-आमलेट खाऊ घातलंत, तेही हरल्यावर. बरोबरी झाली त्या दिवशी मात्र थांबला नाहीत, "आज पोट भरलेलं आहे तुमचं" म्हणालात. भरलेलं नव्हतं, काका. कोलवाळच्या पुलापर्यंत आम्ही तुमच्या नावानं बोटं मोडत होतो.

शेवटच्या तीन फेऱ्यांचं भाडं आम्ही मुलांनी जमवलंय. रविवारी घरी आणून देतो. मागच्यासारखं अर्धं परत खिशात कोंबू नका.

तुमचा,
२३ गोलवाला